एमिल झाटोपेक : चारशे मीटरांची तपश्चर्या

धावणाऱ्या मनुष्याच्या देहात एक लय असावी, मान स्थिर व मुद्रा प्रसन्न असावी, खांद्यांवर ताणाचे चिन्हही दिसू नये आणि पावलांनी भूमीला केवळ स्पर्श करून पुढे निघून जावे, अशी धावण्याच्या सौंदर्याची जी कल्पना प्राचीन ग्रीक मृत्पात्रांवरील चित्रांपासून रूढ झालेली आहे, तिच्यातले एकही लक्षण एमिल झाटोपेकच्या अंगी वरवर पाहता दिसत नसे. त्याचे मस्तक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर लोळत असे, डोळे अर्धवट मिटलेले असत, जीभ ओठांबाहेर आलेली असे, हात छातीशी काहीतरी ओरबाडल्यासारखे हलत, आणि चेहऱ्यावर अशी काही व्यथा पसरलेली असे की पहिल्यांदाच त्याला पाहणाऱ्याला वाटावे, हा मनुष्य पुढच्या वळणापर्यंतही पोहोचणार नाही. त्याच्या या अंगविक्षेपांविषयी वृत्तपत्रांनी पुष्कळ लिहिले. तेव्हा धावण्याच्या शर्यतीत सौंदर्याला गुण देत नाहीत, ज्या दिवशी देऊ लागतील त्या दिवशी आपण सुंदर धावावयास शिकू, अशा आशयाचे उत्तर तो देत असे. मात्र जाणकारांनी कमरेखाली दृष्टी वळविली तेव्हा त्यांना आढळले की त्याची पावले अतिशय मोजकी, नेमकी आणि काटकसरीने पडतात; सारी धडपड वरच्या अर्ध्या देहात चालली आहे आणि खालचा अर्धा देह आपले काम मुकाट्याने करीत आहे.

विसाव्या शतकातील दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंमध्ये झाटोपेकचे स्थान अगदी वरचे आहे, आणि ते केवळ त्याच्या पदकांमुळे नाही. शर्यतीच्या दिवशी जी यातना इतरांना प्रथमच भेटावयाची, तिची रुजवात त्याने कित्येक महिने अगोदर, अरण्यातल्या वाटेवर किंवा बर्फाने झाकलेल्या मैदानावर, कोणी पाहत नसताना घालून ठेवलेली असे. म्हणून प्रत्यक्ष शर्यतीत, जेव्हा इतरांचे सारे चित्त स्वतःच्या श्वासाभोवती गोळा होई, तेव्हा याला शेजारच्या स्पर्धकाची विचारपूस करण्याइतका अवसर सापडे. त्याचा पराक्रम आणि त्याचे सौजन्य यांचा उगम मला तरी या एकाच ठिकाणी दिसतो.

एमिलचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील मोराव्हिया प्रांतात, कोप्रझिव्हनीत्से नावाच्या लहानशा औद्योगिक गावी झाला. बाप सुतार, घरात मुलांचे लेंढार, आणि शिक्षणासाठी पैसा जवळ नाही, अशा परिस्थितीत वाढलेल्या मुलाने पंधरा-सोळाव्या वर्षी कारखान्याची वाट धरावी हे त्या काळच्या शिरस्त्याला धरूनच होते. ज्या बाटाची पादत्राणे आपल्याकडेही गावोगावच्या बाजारपेठांत विकली गेली, त्याच बाटाच्या झ्लीन येथील मूळ कारखान्यात तो कामाला लागला. दिवसा काम व संध्याकाळी तंत्रविद्येचे वर्ग असा त्याचा क्रम होता. धावण्याची त्याला मुळीच हौस नव्हती. १९४१ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कारखान्याच्या क्रीडाशिक्षकाने आणखी काही मुलांबरोबर त्यालाही एका शर्यतीत उतरण्याचा हुकूम केला. आपली प्रकृती धावण्याजोगी नाही असा उजर एमिलने करून पाहिला, त्यावरून त्याची वैद्यकीय तपासणी झाली, आणि वैद्याने तर त्याला पूर्ण निरोगी ठरविले. निरुपायाने तो धावला आणि शंभर जणांत दुसरा आला. शर्यत सुरू होईपर्यंत पळवाट शोधणारा हा मुलगा, ती सुरू झाल्यावर मात्र जिंकण्याच्या इच्छेने पेटून उठला, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे. सुमारे तीन वर्षांत दोन हजार, तीन हजार व पाच हजार मीटर या तिन्ही अंतरांचे राष्ट्रीय उच्चांक त्याच्या नावावर जमा झाले होते.

या तीन वर्षांत त्याने काय केले हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या कीर्तीचे मूळ तेथे आहे. लांब पल्ल्याची शर्यत जिंकावयाची तर लांब पल्लाच वारंवार धावला पाहिजे, ही समजूत त्या काळी सर्वमान्य होती. झ्लीनमध्ये यान हालुझा नावाच्या अनुभवी धावपटूने त्याला प्रारंभीचे धडे दिले. परंतु एमिलने लवकरच स्वतःच्या बुद्धीने एक निराळा विचार केला. सावकाश धावणे आपल्याला येतेच, तेव्हा जे येत नाही ते, म्हणजे वेगाने धावणे, शिकले पाहिजे. आणि वेगाने धावणे एकदम पाच हजार मीटर जमत नसेल तर त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगाने धावावा, मध्ये थोडे हळूहळू पळत दम घ्यावा, आणि पुन्हा तेच करावे. शंभर मीटर धावून तो थांबे, परत फिरे, पुन्हा शंभर मीटर धावे. लोक म्हणत, हा तर शंभर मीटरवाल्यांसारखा सराव करतो, याला लांब पल्ल्याचे काय साधणार? परंतु शंभर मीटर वीस वेळा धावले की ते शंभर मीटर राहत नाहीत, हा हिशेब त्याच्यापुरता पक्का झालेला होता.

अशा तुकड्यातुकड्यांच्या सरावाची कल्पना सर्वस्वी त्याचीच होती असे मात्र म्हणता येणार नाही. फिनलंडच्या धावपटूंनी वेग बदलीत धावण्याचे प्रयोग पूर्वीच केले होते, आणि जर्मनीत फ्रायबुर्ग येथे वोल्डेमार गेर्शलर या प्रशिक्षकाने हर्बर्ट राइन्डेल या हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने नाडीचे ठोके मोजून या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली होती. गेर्शलरचा धावपटू किती वेळ विश्रांती घेईल हे त्याच्या नाडीवरून ठरे. झाटोपेकपाशी नाडी मोजणारा कोणी नव्हता, त्याच्यापाशी होती ती संख्या. दोनशे मीटर पाच वेळा, चारशे मीटर वीस वेळा, पुन्हा दोनशे मीटर पाच वेळा, आणि प्रत्येक दोहोंमध्ये सुमारे दोनशे मीटरांची मंद धाव, हा त्याचा प्रारंभीचा नेम. पुढे विसाच्या चाळीस फेऱ्या झाल्या, साठ झाल्या, आणि एका काळात तर सकाळी पन्नास व दुपारी पन्नास मिळून शंभर वेळा चारशे मीटर धावण्यापर्यंत मजल गेली. चारशे मीटर म्हणजे क्रीडांगणावरील एक पूर्ण फेरी. अशा शंभर फेऱ्यांचे चाळीस किलोमीटर, आणि त्यांमधली मंद धाव वेगळी. म्हणजे एका दिवसात मॅरेथॉनहून अधिक अंतर, आणि तेही पुन्हा दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी.

असे धावल्याने शरीरात काय घडते? मनुष्य वेगाने धावू लागला म्हणजे स्नायूंना जितका प्राणवायू हवा तितका रक्ताला पुरविता येत नाही. स्नायूंना मग प्राणवायूवाचून शक्ती निर्माण करण्याचा आडमार्ग धरावा लागतो, आणि त्या मार्गाने फार काळ जाता येत नाही, पाय जड होऊन मनुष्य थांबतो. परंतु थांबण्यापूर्वीच वेग उतरवून मिनिटभर हलके पळत राहिले, तर हृदय जोराने चालूच राहते, प्राणवायूचे ऋण बव्हंशी फिटते, आणि पुन्हा वेग धरता येतो. या रीतीने जो वेग सलग पाच-सहा मिनिटेही टिकला नसता, त्या वेगाने एकूण तासभर धावणे शरीराला घडते. अशा श्रमांची महिनोन्‌महिने सवय झाली म्हणजे हृदयाच्या एका ठोक्याबरोबर अधिक रक्त बाहेर पडू लागते, स्नायूंतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पूर्वी जो वेग असह्य वाटत होता तो सहज वाटू लागतो. झाटोपेकला ही सारी उपपत्ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला ठाऊक होते ते इतकेच की काल ज्या फेरीला छाती फुटण्याची वेळ आली होती, ती आज पंधरावी आहे की पंचविसावी याचे भान ठेवावे लागते.

महायुद्ध संपताच तो सैन्यात दाखल झाला आणि सैन्याची कडक शिस्त त्याच्या प्रयोगाला पोषकच ठरली. सकाळच्या कवायतीनंतर, किंवा दिवसाचे काम संपवून, तो लष्करी जड बूट पायांत घालून अरण्यातल्या वाटांवर धावत असे. हिवाळ्यात बर्फ साचले तरी खंड पडत नसे. जड बुटांनी बर्फात धावण्याची सवय झालेल्या पायांना शर्यतीचे हलके बूट घातल्यावर अंगात वारे भरल्यासारखे वाटते, असे त्याचे म्हणणे असे. पहाऱ्यावर उभे असताना तो जागच्या जागी पळत असे असेही सांगतात. श्वास रोखून किती पावले जाता येते हे पाहण्यासाठी रस्त्याकडेच्या झाडांची मोजणी करीत करीत तो एकदा मूर्च्छित होऊन पडला, ही कथा तर त्याच्या चरित्रात सर्वत्र आढळते. यातला काही भाग अविचाराचा होता, आणि आजचा कोणताही सुज्ञ प्रशिक्षक आपल्या शिष्याला तसे करू देणार नाही. परंतु स्वतःच्या देहाची सीमा कोठे आहे हे दुसऱ्याच्या सांगण्यावरून न मानता स्वतः तेथवर जाऊन पाहण्याची जी त्याची वृत्ती होती, ती या प्रसंगी जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

१९४६ साली बर्लिन येथे दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांचे क्रीडासामने झाले. प्रारंभीच्या संचलनात मोठमोठी पथके आपापल्या देशाच्या फलकामागून चालली होती, आणि चेकोस्लोव्हाकियाच्या फलकामागे एकटा झाटोपेक चालला होता. प्रेक्षक हसले. पाच हजार मीटरच्या शर्यतीत त्याने एकेका प्रतिस्पर्ध्याला संपूर्ण फेरीने मागे टाकावयास आरंभ केला तेव्हा तेच प्रेक्षक उभे राहिले.

दोन वर्षांनी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, दहा हजार मीटरच्या शर्यतीत फिनलंडच्या विल्यो हाइनोचे नाव सर्वांच्या मुखी होते, कारण विश्वविक्रम त्याचा होता. पंचवीस फेऱ्यांची ही शर्यत. प्रत्येक फेरी ७१ सेकंदांत व्हावी असे झाटोपेकने ठरविले होते, आणि वेग त्याहून मंदावला तर आपल्या माणसाने प्रेक्षकांतून तांबडे वस्त्र दाखवावे, वेग बरोबर असेल तर पांढरे, अशी तजवीज केली होती. आठ-नऊ फेऱ्यांनंतर तांबडे वस्त्र हलताना दिसले. तोवर मागे राहिलेला हा चेक धावपटू पुढे सरला, आघाडीवर आला, आणि त्याच्या पाठोपाठ येण्याच्या यत्नात हाइनोने शर्यतच सोडली. २९ मिनिटे ५९.६ सेकंद, हा नवा ऑलिंपिक उच्चांक झाला. दुसऱ्या क्रमांकाचा फ्रान्सचा आलँ मिमून जवळजवळ ४८ सेकंदांनी मागे होता. तीन दिवसांनी पाच हजार मीटरची अंतिम शर्यत भर पावसात, चिखलाने भरलेल्या मार्गावर झाली. बेल्जियमच्या गास्ताँ रेफने शेवटच्या फेरीपर्यंत इतके अंतर पाडले होते की झाटोपेकचा पराभव सर्वांनी गृहीत धरला होता. तो शेवटच्या तीनशे मीटरांत अशा काही वेगाने धावला की अंतिम रेषेवर रेफ केवळ ०.२ सेकंदाने पुढे राहिला. मला लंडनच्या सुवर्णपदकापेक्षा हे रौप्यपदक झाटोपेकची अधिक ओळख पटविणारे वाटते.

त्या वर्षी ऑक्टोबरात त्याचे लग्न झाले. वधू डाना इंग्रोव्हा ही भालाफेकीत लंडनला उतरलेली खेळाडू; तिचाही जन्म १९ सप्टेंबर १९२२ याच दिवशीचा. पुढच्या सहा वर्षांत दहा हजार मीटरच्या शर्यतीत झाटोपेकला कोणीही हरवू शकले नाही. सलग ३८ विजय त्याने मिळविले. १९५१ साली एका तासात वीस किलोमीटर धावणारा तो पहिला मनुष्य ठरला, आणि ५९ मिनिटे ५१.८ सेकंदांत ते अंतर संपवून तास पुरा होईपर्यंत तो २०,०५२ मीटरांवर पोहोचला.

आणि मग १९५२ चे हेलसिंकी. या ऑलिंपिकचे नाव महाराष्ट्रात ज्या कारणासाठी घेतले जाते ते कारण गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे आहे. २३ जुलै रोजी त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक, आणि त्यासाठी कोल्हापूर-कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी गोळा करून त्यांना धाडले होते. त्याच दिवसांत, त्याच नगरीत, झाटोपेकने जे केले ते त्यापूर्वी कोणी केले नव्हते आणि त्यानंतर आजपर्यंत कोणाला साधलेले नाही.

त्याचे तेथे जाणेच मुळात अडचणीत आले होते. स्टानिस्लाव्ह युंगविर्थ हा पंधराशे मीटरचा उत्तम धावपटू. त्याचा पिता राजकीय कैदी होता, एवढ्या कारणावरून शासनाने त्याला परदेशगमनाचा परवाना नाकारला. झाटोपेक हा शासनाचा लाडका, सैन्यातला अधिकारी, वृत्तपत्रांतून गौरविला जाणारा आदर्श. तो म्हणाला, युंगविर्थ जाणार नसेल तर मीही जाणार नाही. आणि विमान त्याच्यावाचून निघून गेले. त्या काळच्या पूर्व युरोपात असा हट्ट धरण्याचा परिणाम काय होऊ शकत होता हे तो जाणत होता, युंगविर्थही जाणत होता व त्याने त्याला जाण्याचा आग्रहही केला. काही दिवसांनी अधिकाऱ्यांनीच माघार घेतली आणि दोघांचीही रवानगी झाली.

२० जुलैला दहा हजार मीटर, २९ मिनिटे १७ सेकंद, मिमून पुन्हा दुसरा. ही शर्यत त्याच्या दृष्टीने सोपीच होती. पाच हजार मीटरची अंतिम शर्यत मात्र २४ तारखेला अशी झाली की तिची शेवटची फेरी पाहिलेल्यांना ती आयुष्यभर विसरता आली नाही. शेवटच्या फेरीच्या घंटेबरोबर झाटोपेकने झेप घेतली, पण पलीकडच्या सरळ भागात इंग्लंडचा ख्रिस चॅटवे, जर्मनीचा हर्बर्ट शाडे व मिमून असे तिघेही त्याला मागे टाकून गेले. चौथा क्रमांक, उरलेले अंतर दोनशे मीटर, आणि पुढचे तिघेही ताजेतवाने! अखेरच्या वळणावर त्याने बाहेरची बाजू धरली. इतरांहून अधिक अंतर पडणार हे पत्करून, खांदे हलवीत, मान टाकीत, तो एका दमात तिघांच्याही पुढे गेला. त्याच वळणावर दमलेल्या चॅटवेचा पाय कडेच्या काठाला लागून तो खाली कोसळला. १४ मिनिटे ६.६ सेकंद. आणि थोड्याच वेळाने, नवऱ्याचे पदक आपल्या पिशवीत शुभशकुन म्हणून ठेवून, डानाने पहिल्याच फेकीत भाला ५०.४७ मीटरांवर नेला आणि सुवर्णपदक मिळविले. आपल्या विजयानेच हिला स्फूर्ती दिली असे एमिल पुढे थट्टेने म्हणू लागला, तेव्हा मग दुसऱ्या एखाद्या मुलीला अशी स्फूर्ती देऊन ती पन्नास मीटर भाला फेकते का ते पाहा, असे डानाने त्याला ऐकविले.

मॅरेथॉन तीन दिवसांनी होती, आणि झाटोपेक त्यापूर्वी एकदाही मॅरेथॉन धावला नव्हता. ४२ किलोमीटर १९५ मीटर हे अंतर त्याने सरावात पुरे केले असेल, परंतु शर्यत म्हणून त्याचे तंत्र त्याला परके होते. इंग्लंडचा जिम पीटर्स त्या वेळचा जगातला सर्वोत्तम मॅरेथॉनपटू होता, अवघ्या सहा आठवड्यांपूर्वी त्याने या अंतराचा उच्चांक केला होता. झाटोपेकने युक्ती साधी योजिली : पीटर्सचा क्रमांक वृत्तपत्रात पाहून ठेवला, प्रारंभरेषेवर त्याला शोधून काढून आपली ओळख करून दिली, आणि त्याच्या बरोबरीने धावावयाचे ठरविले. पीटर्सने प्रारंभापासूनच भयंकर वेग धरला होता. वाटेत, सुमारे पंधरा किलोमीटरांवर, झाटोपेकने त्याला विचारले, हा वेग योग्य आहे का? पीटर्सला वाटले याला दमविण्याची ही संधी आहे, आणि त्याने उत्तर दिले की वेग फार कमी आहे. या नवशिक्याने ते खरे मानले की नाही ते सांगणे कठीण. एवढे मात्र खरे की तो पुढे निघून गेला, आणि पीटर्सने काही अंतरावर, पायांत गोळे येऊन, शर्यत सोडली. त्यानंतरचे मैल झाटोपेकने एकट्याने धावून काढले. रस्त्याच्या कडेने उभ्या असलेल्या पोलिसांशी, मोटारीतून येणाऱ्या छायाचित्रकारांशी तो बोलत चालला होता. आणि जेव्हा त्याने क्रीडांगणात प्रवेश केला तेव्हा हजारो लोक एकाच स्वरात त्याचे नाव घेत होते. २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंद, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे २३ सेकंद, हा ऑलिंपिक उच्चांक. दुसरा आलेला अर्जेंटिनाचा रेनाल्डो गोर्नो अडीच मिनिटांनी आत आला तेव्हा झाटोपेक त्याच्या स्वागताला रेषेवर उभा होता. नुकताच चार बाय चारशे मीटरच्या सांघिक शर्यतीचा विश्वविक्रम केलेल्या जमैकाच्या चार धावपटूंनी त्याला खांद्यांवर घेऊन मैदानाला फेरी मारली.

आठ दिवसांत तीन सुवर्णपदके, तिन्ही ऑलिंपिक उच्चांकांसह. १९७६ साली माँट्रियलला फिनलंडच्या लासे विरेनने पाच व दहा हजार मीटर जिंकून मॅरेथॉनही जिंकण्याचा यत्न केला, परंतु तो पाचवा आला. पाच व दहा हजार मीटरची जोडी पुढेही काहींनी जिंकली आहे, तिच्या जोडीला तिसरी शर्यतही जिंकणे मात्र कोणाला जमलेले नाही.

१९५४ च्या वसंतात, पॅरिसजवळील कोलोंब येथे पाच हजार मीटर १३ मिनिटे ५७.२ सेकंदांत धावून त्याने स्वीडनच्या गुंडर हेगचा बारा वर्षांचा जुना विश्वविक्रम मोडला, आणि दोनच दिवसांनी ब्रुसेल्सला दहा हजार मीटर २८ मिनिटे ५४.२ सेकंदांत धावून २९ मिनिटांची सीमा ओलांडणारा तो पहिला ठरला. परंतु त्याच उन्हाळ्यात बर्न येथे पाच हजार मीटरमध्ये सोव्हिएत संघाचा व्लादिमिर कुत्स व चॅटवे त्याच्या पुढे गेले. त्याच्या पद्धतीने धावणारी नवी पिढी तयार झाली होती, आणि ती तरुण होती. मेलबर्नच्या १९५६ च्या ऑलिंपिकपूर्वी अंतर्गळाची शस्त्रक्रिया झालेली, सराव तुटलेला, अशा स्थितीत तो मॅरेथॉनला उतरला आणि सहावा आला. ती शर्यत मिमूनने जिंकली. लंडनमध्ये एकदा व हेलसिंकीत दोनदा ज्याने झाटोपेकच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानले, तो मिमून रेषेवर थांबून त्याची वाट पाहत होता. झाटोपेक आला, त्याने सैनिकी वंदना केली आणि मित्राला मिठी मारली.

दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क एका शर्यतीसाठी प्रागला गेला. त्या दशकात क्लार्कने एकामागून एक विश्वविक्रम केले होते, परंतु ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्याच्या नशिबी नव्हते, टोकियोला दहा हजार मीटरमध्ये त्याला कांस्य मिळाले होते. निरोपाच्या वेळी झाटोपेकने त्याच्या हातात एक लहानसे पुडके दिले आणि देशाची हद्द ओलांडेपर्यंत ते उघडू नये असे सांगितले. क्लार्कला वाटले कोणाला तरी गुप्तपणे काही पोहोचवावयाचे आहे. आत हेलसिंकीचे दहा हजार मीटरचे सुवर्णपदक होते. दोन वर्षांनी मेक्सिकोच्या विरळ हवेत क्लार्क शर्यतीच्या अखेरीस कोसळला, आणि ऑलिंपिकचे एकमेव सुवर्णपदक त्याच्याकडे राहिले ते हेच.

झाटोपेकच्या चरित्राचा उत्तरार्ध हा वादाचा विषय आहे आणि तो टाळून त्याची स्तुती करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. १९५० च्या दशकात तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, बढत्या मिळत होत्या, आणि शासनाच्या क्रूर कारवायांना अनुकूल अशी निवेदने त्याच्या नावाने वृत्तपत्रांत छापली जात. ज्याने त्याला पहिले धडे दिले तो हालुझा त्याच वर्षांत राजकीय कैदी म्हणून तुरुंगवास व युरेनियमच्या खाणीतली सक्तमजुरी भोगत होता. युंगविर्थसाठी जो मनुष्य सर्वस्व पणाला लावतो तो अन्यत्र गप्प का राहिला, याचे उत्तर त्याच्या स्तुतिपाठकांना देता आलेले नाही, आणि मलाही ते सापडलेले नाही. परंतु १९६८ च्या प्राग वसंतात, म्हणजे राजकीय सुधारणांच्या चळवळीत, त्याने लुद्विक वात्सुलिकच्या 'दोन हजार शब्द' या सुधारणावादी जाहीरनाम्यावर सही केली, आणि ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागच्या रस्त्यांवर उतरले तेव्हा तो वेन्सेस्लास चौकात उभा राहून लोकांसमोर बोलला, परकी सैनिकांशी रशियन भाषेत बोलला, आणि मेक्सिकोच्या ऑलिंपिकमधून सोव्हिएत संघाला वगळावे अशी जाहीर मागणी त्याने केली. बदला ठरलेलाच होता. त्याला पक्षातून काढण्यात आले, सैन्यातून बडतर्फ करण्यात आले, कर्नलचा हुद्दा गेला. भूगर्भसंशोधनाच्या कामावर, विहिरी व भूस्तर खणणाऱ्या टोळीबरोबर, तो गावोगाव हिंडू लागला. राजधानीपासून दूर, सामान्य मजुरासारखा, आठवड्याच्या शेवटी डानाकडे घरी.

१९७१ च्या सुमारास त्याने आपली भूमिका मागे घेणारे निवेदन केले. त्याच्या काही जुन्या सहकाऱ्यांनी त्याला याबद्दल कधीच क्षमा केली नाही. मला त्यांचे दुःख समजते, आणि चाळीस किलोमीटर स्वतःच्या देहाला राबविणे व एका शासनाशी वर्षानुवर्षे एकट्याने झुंजणे यांत साम्य नाही, हेही समजते; शर्यतीत आपली यातना आपल्यापुरती असते, येथे ती डानाच्याही वाट्याला येत होती. पुढे त्याला क्रीडाविषयक दप्तरखान्यात काम मिळाले. त्याला अनेक भाषा येत, आणि परदेशांतून येणारी क्रीडानियतकालिके वाचून त्यांतला उपयुक्त तपशील टिपून काढणे हे त्याचे काम होते. तेथूनच तो निवृत्त झाला. शासन बदलल्यावर १९९० साली संरक्षण मंत्रालयाने १९६८ नंतरच्या अन्यायाबद्दल त्याची माफी मागितली. तो तेव्हा ६७ वर्षांचा होता. नोव्हेंबर २००० मध्ये प्राग येथे त्याचा अंत झाला. डाना त्याच्यामागे जवळजवळ वीस वर्षे जगली आणि मार्च २०२० मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, निवर्तली.